चारशें यार्डांची कोंडी

घरांतील इंटरनेट अडखळूं लागलें, कीं पहिला संशय तारेवर किंवा कोपऱ्यांतील राउटरवर जातो. १९८६ च्या ऑक्टोबरांत कॅलिफोर्नियांतील बर्कले येथें असाच पेंच पडला. लॉरेन्स बर्कले प्रयोगशाळा व तेथील विद्यापीठ यांच्यामधील अंतर अवघें चारशें यार्ड. त्या वाटेवरून सेकंदास ३२,००० बिट वाहत. तें मान एकाएकीं ४० वर उतरलें. चिठ्ठी घेऊन पायीं निघालेला शिपाईहि आधीं पोंचता!

व्हॅन जेकबसन व मायकेल कॅरल्स यांनीं शोध घेतला. दोष तारेंत नव्हता, पाठविण्याच्या रीतींत होता. धाडलेल्या पुडक्याची पोंच वेळेवर आली नाहीं, कीं संगणक तें हरवलें असें समजून पुन्हां धाडी. वस्तुतः तें वाटेंत रांगेंतच तिष्ठत असे. दुसऱ्या प्रतीनें रांग वाढे, पोंच आणखी लांबे, आणि तिसरी प्रत निघे.

जेकबसन यांचा निबंध १९८८ मध्यें प्रसिद्ध झाला. आरंभ एका पुडक्यानें करावा, पोंच येईल तसतसा वेग वाढवावा, पुडकें हरवतांच हात आखडावा, हें त्याचें सार. मधल्या यंत्रांना हातहि लावावा लागला नाहीं.

तरी घरची तक्रार सरली नाहीं. पुढें राउटरांत मोठाले साठे आले. त्यांत पुडकें हरवेना, नुसतें रखडे, आणि वेग आवरण्याची खूण उशिरां मिळे. म्हणून २०१२ मध्यें कॅथलीन निकोल्स व जेकबसन यांनीं रांगेची लांबी सोडून पुडक्याच्या तिष्ठण्याचा काळच मोजणारी ‘कोडेल’ ही रीत मांडली.