धुरेवरचे वजन

मागल्या वर्षी नवरात्राच्या सुमारास माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याचा फोन आला. आता तो पुण्यात नोकरीला आहे. हौसेने त्याने जीपच्या मागे जोडून ओढायचे एक चाकावरचे घर करवून घेतले होते. आत दोन बाक, चूल, पाण्याची टाकी आणि वर पत्र्याचे छत. त्याची आई मूळची आहुप्याची. गुडघ्यांनी जागा धरल्यापासून तिचे माहेरी जाणे बंद झाले होते. "गुरुजी, दिवाळीत आईला तिच्या गावी एक रात्र न्यायची म्हणतो. घर मागे बांधून आहुप्यापर्यंत जाता येईल का?"

मी मोटार चालवीत नाही. तरीही हा प्रश्न त्याने मला विचारला, याचे कारण चौथीच्या वर्गात मी कधीतरी बैलगाडीवर एक धडा घेतला होता आणि तो त्याच्या लक्षात राहिला होता. शिक्षकाला याहून मोठे बक्षीस कोणते! मी त्याला लगेच उत्तर दिले नाही. चार दिवस पुस्तके चाळली, दोन जुन्या जाणत्यांशी बोललो, आणि मग जे सांगितले तेच येथे थोडे विस्ताराने लिहितो आहे.

चाकावरचे घर ही साहेबाची कल्पना, असे आपण धरून चालतो. ते काही अंशी खरेही आहे. गॉर्डन स्टेबल्स नावाचे एक डॉक्टर होते. इंग्रजी आरमारातून निवृत्त झाल्यावर ते मुलांसाठी साहसकथा लिहीत. त्यांनी 1885 साली ब्रिस्टॉलच्या एका कारखान्याकडून केवळ सहलीसाठी म्हणून महोगनी लाकडाचे घर बांधून घेतले. त्याचे नाव 'वाँडरर', म्हणजे भटक्या. ते ओढायला दोन घोडे लागत, वजन जवळजवळ दोन टन. रस्ता अरुंद असला तर समोरून येणाऱ्यांना आधीच सावध करावे म्हणून त्यांचा नोकर तीनचाकी सायकलवर पुढे जाई. कादंबरीकाराने मागे घर बांधून हिंडावे आणि नोकराने पुढे पायडल मारावे, हे चित्र मला फार आवडते. आमच्या धंद्यातल्या माणसाला असे वैभव पुन्हा लाभले नाही.

पण ज्या वर्षी 'वाँडरर' रस्त्यावर आला, त्याच 1885 साली पुणे जिल्ह्याचे गॅझेटिअर छापून निघाले. ते वाचले म्हणजे कळते, की आपल्याकडे गाडी ही सहलीची वस्तू नव्हतीच. ती मुळात वस्तू म्हणूनही फारशी जुनी नव्हती. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी देशावर माल जाई तो बैलांच्या पाठीवरून. लमाणांचे तांडे मीठ आणि धान्य लादून फिरत. लष्करे त्यांच्या जिवावर जगत. गाड्या होत्या त्या अवजड, क्वचित दगडी चकत्यांच्या चाकांच्या, शेतातल्या शेतात ओझी हलवायच्या. त्या ओढायला बैलांच्या कित्येक जोड्या लागत. 1830 साली सर जॉन माल्कम यांच्या हस्ते बोरघाटातून चाकाची वाट खुली झाली. पुढे काही वर्षांनी, 1836 च्या सुमारास, गैसफर्ड नावाच्या लष्करी अधिकाऱ्याने सोलापूरकडे टेंभुर्णीस हलक्या गाड्यांचा कारखाना काढला. एका जोडीने ओढता येईल अशी, लाकडी आऱ्यांची आणि लोखंडी धावेची गाडी त्यानंतर देशभर पसरली. आपण जिला आजोबा-पणजोबांची गाडी म्हणतो, ती अशी बोरघाटाच्या रस्त्याबरोबर वाढलेली आहे.

जुन्नर-आंबेगावचा पश्चिम भाग मात्र या सगळ्यातून वगळलेला. नाणेघाट दोन हजार वर्षे वाहता आहे; तिथला दगडी रांजण आणि सातवाहन राणी नागनिकेचा लेख पाहायला आज शाळांच्या सहली जातात. पण तो पायऱ्यांचा घाट. चाक तिथे कधी उतरले नाही. आहुप्याचा घाट तर त्याहून बिकट. गावाच्या टोकाशी कडा एकदम तुटतो, समोर गोरखगड आणि मच्छिंद्रगडाचे सुळके उभे, आणि वाट खाली मुरबाड तालुक्यात खोपिवलीला उतरते. डोक्यावर हिरड्याचे ओझे घेऊन ती वाट उतरणाऱ्या बायकांच्या पायांना काय सांगावे! ज्यांना घाटाखाली सोयरिकी, त्यांना गाडीचा उपयोग नव्हता. गाडीचे राज्य पूर्वेला, घोडेगाव-मंचरच्या सपाटीवर.

त्या सपाटीवर गाडी हेच फिरते बिऱ्हाड होते. जत्रेला निघायचे म्हणजे साट्यावर कडब्याची गादी, तिच्यावर घोंगडी, वर तट्ट्याची कमान. पोटाखाली कंदील लटकलेला, मागे पेंढीचा भारा, बाजूला पाण्याची घागर. आमच्या घरी हे मी शेवटचे पाहिले ते ऐंशीच्या दशकात, निमगाव दावडीच्या खंडोबाला जाताना. निघण्याच्या आधी आठ दिवस तात्यांची, म्हणजे माझ्या वडिलांची, गडबड चाले. चाके काढून ओढ्यात भिजत घालीत. उन्हाळ्यात लाकूड आटते, आरे तुंब्यात खुळखुळू लागतात. पाणी प्यायले की फुगून घट्ट बसतात. तेवढ्याने भागले नाही तर लोहाराकडे. तो धाव काढून गोवऱ्यांच्या आगीत लाल करी, चाकावर चढवी आणि घागरीने पाणी ओती. वाफेचा तो फुत्कार आणि लाकूड करपल्याचा वास मला अजून आठवतो. मग वंगण. एरंडेलात जळलेल्या पेंढ्याची काजळी कालवून ते तात्या चिंधीने आखाला चोपडीत. शेवटी कुणी पाहत. कुणी म्हणजे चाक निसटू नये म्हणून आखाच्या टोकात घातलेली खीळ. बोटाएवढी वस्तू, पण तिच्यावाचून चाक वेगळ्या वाटेने आणि माणसे वेगळ्या वाटेने जायची.

वाटेत प्रत्येक मुक्कामाला तात्या आधी बैल सोडीत आणि मग दोन्ही तुंब्यांवर हात ठेवून पाहत. तुंबा गरम लागला तर वंगण संपले असे समजायचे. मला वाटे, ते चाकांना शाबासकी देत आहेत.

त्याच प्रवासाच्या परतीला तो प्रसंग घडला. जत्रेत आईने पाटा-वरवंटा घेतला होता. उचलून ठेवायला सोपा म्हणून तो साट्याच्या मागच्या टोकाला गेला. धान्याची दोन पोतीही तिथेच. पुढच्या बाजूला आजी, आई आणि आम्ही मुले. सपाटीवर काही जाणवले नाही. एक चढ आला तेव्हा आजीला बैलांची दया आली. "लेकरांनो उतरा, मुकी जनावरं हायत," म्हणत ती स्वतः उतरली, आईला आणि आम्हांला उतरवले. आणि गाडी उलाळली! पुढचे वजन गेले, मागचे राहिले; दांडी वर उचलली आणि जू आभाळाकडे गेले. डाव्या बाजूच्या बैलाच्या गळ्याला जुपणी आवळली. त्याचे पुढचे पाय अधांतरी, डोळे पांढरे. तात्यांनी कमरेचा विळा काढून जुपणी तोडली. बैल गुडघ्यांवर पडला आणि खाकरत राहिला. पंधरा मिनिटे कोणी बोलले नाही. आजी बैलाच्या मानेवरून हात फिरवीत रडत होती.

तात्या तिला काही बोलले नाहीत. रात्री मला मात्र म्हणाले, "चढाला उतरायचं तर मागच्यानं आधी उतरावं. पुढं जरा वजन पाहिजे. फार नको, बैलाची मान धरते. पण पाहिजे."

या 'फार नको, पण पाहिजे'चा हिशेब मला पुष्कळ वर्षांनी एका पुस्तकात आकड्यांत सापडला. मोटारीच्या मागे ओढल्या जाणाऱ्या घराचे जे एकूण वजन, त्याच्या शेकडा 10 ते 15 वजन जोडाच्या आकड्यावर पडावे. हजार किलोच्या घराला 100 ते 150. त्याहून कमी पडले, म्हणजे घर उलाळ झाले, तर वेगात ते शेपटीसारखे डावी-उजवीकडे झुलू लागते आणि ओढणारी मोटारही आपल्याबरोबर फरफटत नेते. जास्त पडले तर मोटारीचे मागचे अंग दबते, पुढची चाके हलकी होतात आणि सुकाणू हाताला लागत नाही. बैल आणि जीप यांच्यात एवढाच फरक, की बैलाचे डोळे पांढरे झालेले दिसतात.

आमच्या भागात हे ज्ञान सर्वांत जास्त कोणाला हवे असेल तर ते ऊसतोडीच्या टोळ्यांना. दिवाळी सरली की बीड-नगरकडून ट्रॅक्टर येतात. मागे एकामागे एक अशा दोन ट्रॉल्या आणि त्यांच्यावर सगळा संसार: भांडी, पेटी, शेळी, कोंबड्या, कोपीचे बांबू, आणि वर माणसे. गॉर्डन स्टेबल्सचे घर सहलीचे होते, हे पोटाचे. काही वर्षांपूर्वी अशाच एका ट्रॉलीची जोडाची खीळ चढावर निसटली. तिला आडवी चावी घालायची ती कोणी घातलीच नव्हती. तिच्या जागी तार पिळलेली होती. सुरक्षेची साखळी नव्हती. ट्रॉली उलटी घरंगळत बांधावर जाऊन थांबली. जीव कोणाचा गेला नाही. पण वरच्या बोचक्यांवर झोपलेली एक मुलगी खाली पडली आणि तिचा हात मोडला. ती पुढे चार महिने माझ्या वर्गात होती, डाव्या हाताने लिहायला शिकली. त्या चावीची किंमत एका वहीपेक्षा जास्त नसेल.

हे सारे मनात होते म्हणून मी विद्यार्थ्याला म्हणालो, "ये, पण आधी घोडेगावात थांब. आपण घर जोखून घेऊ."

तो वसुबारसेच्या दिवशी आला. आई जीपमध्ये पुढे बसलेली. चालत्या घरात कोणी बसायचे नाही, हे मी त्याला फोनवरच बजावले होते. वजनकाट्यावर नेऊन आधी घर सुटे करून जोखले: 1100 किलो. मग ते जीपला जोडून फक्त घराची चाके काट्यावर घेतली: 1060. म्हणजे आकड्यावर पडत होते अवघे 40. उलाळ! आत पाहिले तर पाण्याची शंभर लिटरची टाकी मागच्या भिंतीला, काठोकाठ भरलेली. पाण्याचा लिटर म्हणजे किलो, हे चौथीतले गणित. शिवाय माहेरी द्यायच्या फराळाच्या डब्यांची लोखंडी पेटी आणि तांदळाचे पोते दाराशी, म्हणजे पुन्हा मागेच, कारण तिथून उचलायला सोपे. आमच्या पाट्या-वरवंट्याची जागा अगदी तीच! टाकी रिकामी केली, कारण आहुप्याला पाणी मिळते. पेटी आणि पोते आखाच्या थोडे पुढे, जमिनीलगत बांधले. पुन्हा जोखले तेव्हा हजार किलोत 115 आले.

मग टायर पाहिले. खोली चांगली होती, पण वर्षभर एका जागी उन्हात उभे राहिल्याने बाजूंना बारीक भेगा गेल्या होत्या. टायरवर चार आकडे कोरलेले असतात, पहिले दोन आठवडा सांगतात आणि पुढचे दोन वर्ष. त्यावरून तो आठ वर्षांचा निघाला. ओढायच्या घराचे टायर झिजून मरत नाहीत, बसून मरतात. दोन्ही बदलले. चाकांच्या बेअरिंगांत नवे ग्रीस भरले. जोडाखाली दोन साखळ्या एकमेकींना ओलांडून लावल्या, म्हणजे आकडा सुटलाच तर दांडी रस्त्यात न रुतता साखळ्यांच्या झोळीत पडते. छताच्या सांध्यांवर मेण फिरवले. आहुप्याची ओल पाऊस गेल्यावरही पत्र्यात शिरते. गॅसच्या टाकीची चावी बंद केली. मागचे दिवे लागतात का ते त्याच्या आईने उभे राहून पाहिले आणि "डावा लागंना" म्हणून सांगितले. एक तार सुटली होती.

डिंभ्यापुढे भीमाशंकरचा रस्ता सोडून आम्ही धरणाच्या पाण्याच्या कडेने निघालो. त्या पाण्याखाली जुने आंबेगाव आहे. तालुक्याला नाव देणारे गाव तळाशी गेले आणि कचेरी घोडेगावात राहिली. उतार आले तसे मी त्याला खालचा गिअर धरायला सांगे. नुसत्या ब्रेकवर उतरले तर ते तापून निकामी होतात. आमच्या गाड्यांना उतारावर बिरकीचे लाकूड चाकाला दाबून धरीत, त्याचाही वास असाच येई. एका वळणावर समोरून एसटी आली आणि मागे सरायची वेळ आली. घर जोडून मागे घेणे म्हणजे सगळे उलट. मागचे टोक डावीकडे न्यायचे तर सुकाणू उजवीकडे. तीन वेळा चुकले. शेवटी एसटीचा कंडक्टर खाली उतरला आणि हातवारे करून त्याने आम्हांला वाट दिली. वाँडररच्या त्या तीनचाकी सायकलवाल्याची मला आठवण झाली. थांबलो तेव्हा मी चाकांच्या मध्यावर हात ठेवून पाहिले. कोमट होते, हात ठेवता येत होता.

आहुप्याला पोचलो तेव्हा ऊन उतरले होते. देवराईच्या झाडांत कालवा चालला होता पाखरांचा. म्हातारीने घराच्या दारातून आत एकदा डोकावून पाहिले, बाकावरून हात फिरवला आणि म्हणाली, "चांगलं हाय. पर मी भावाकडंच निजंन." तिचा मुलगा तोंड पाडून उभा. म्हातारी तशीच काठी टेकीत कड्याच्या बाजूला गेली. मी थोडे मागे राहिलो. ती खाली खोपिवलीकडे बोट दाखवून भाच्याच्या मुलीला कोठला टप्पा कसा उतरायचा ते सांगत होती.

रात्री त्या घरात वाडीतली सात पोरे झोपली. जीप सोडण्याआधी मी रस्त्याच्या कडेचे दोन दगड उचलून चाकांना दोन्ही बाजूंनी उटी लावली. मुलाने विचारले, "गुरुजी, हँडब्रेक ओढलाय ना?" मी म्हणालो, "असू दे," आणि आणखी दोन दगड आणले.