उत्तर आणि उपपत्ती

रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे १८९९ साली केंब्रिजला गणितात सीनियर रँग्लर झाले, हे आपण अभिमानाने सांगतो. पण त्या परीक्षेत झटपट उदाहरणे सोडविण्याच्या सरावालाच फार महत्त्व होते. आदल्या वर्षी तिथेच चौथे आलेले हार्डी या पद्धतीचे कठोर टीकाकार झाले. पदवीच्या पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यांसाठी त्यांनी १९०८ मध्ये शुद्ध गणिताचे पाठ्यपुस्तक लिहिले. त्यात सीमा, सांतत्य या संकल्पनांची काटेकोर उपपत्ती दिली. १९०९ नंतर रँग्लरांची क्रमवारी जाहीर होणेही थांबले. मी भाषेचा अध्यापक. वर्गात मीही बहुधा उत्तरेच तपासली. उत्तर परीक्षेपुरते असते; ‘हे कशावरून?’ असे विचारण्याची सवय मात्र जन्मभर पुरते.