स्ट्रॉबेरी : चिलीपासून आपल्या परसापर्यंत

हळदीच्या जिल्ह्यात स्ट्रॉबेरीचा इतिहास कशाला, असे कोणी विचारील. वसमतच्या हळदीला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळाले, तेव्हा आपले पीक कोणते याविषयी वादच नाही. पण आता हिंगोलीतही कोणी हौसेने स्ट्रॉबेरीची कुंडी ठेवतो, आणि ती वैशाखात का जळते याचे उत्तर आपल्याला इतिहासातच शोधावे लागते.

आज बाजारात दिसणारी मोठी स्ट्रॉबेरी रानात कुठेच नव्हती. युरोपच्या जंगलातले फळ बोटाच्या पेराएवढेही नसे. फ्रेझिए नावाचा एक फ्रेंच लष्करी अभियंता दक्षिण अमेरिकेतील स्पॅनिश किल्ल्यांची टेहळणी करण्यास गेला होता. १७१४ साली तो चिलीतून मोठ्या फळांची रोपे घेऊन परतला. सहा महिन्यांचा सागरप्रवास, पिण्याच्या पाण्याचीच टंचाई. अवघी पाच रोपे जगली. ती रुजली, फुलली, पण फळ धरीना! चिलीच्या त्या जातीत नर आणि मादी झाडे वेगळी असतात. फ्रेझिएने भरगच्च फळे लागलेली झाडे निवडून घेतली होती, म्हणजे साऱ्या माद्याच. पुढे शेजारी उत्तर अमेरिकेतील व्हर्जिनियाची जात लावली गेली, तिचे पराग मिळाले आणि फळे आली. या दोन जातींच्या संकरातूनच आजची स्ट्रॉबेरी जन्मली. द्यूशेन या तरुणाने १७६६ साली हे कोडे उलगडले. तेव्हा त्याने विशीही ओलांडली नव्हती. हेरगिरीला गेलेल्या माणसाचे नाव फळामुळे राहावे, ही गंमतच.

आपल्याकडे या फळाचे घर म्हणजे महाबळेश्वर. १८२८-२९ च्या सुमारास गव्हर्नर माल्कमने तेथे हवा खाण्याचे ठाणे वसवले. तेथील तुरुंगात चिनी आणि मलायी कैदी होते. बटाटे आणि विलायती भाज्या पिकवण्याचे काम पुष्कळसे त्यांच्या हातून झाले. १८६४ साली तुरुंग मोडला. आमच्या मते महाबळेश्वरच्या बागायतीचे श्रेय सांगताना साहेबांची नावे फार घेतली जातात, त्या कैद्यांची नावे मात्र कोणाला ठाऊक नाहीत. २०१० साली महाबळेश्वर स्ट्रॉबेरीला मानांकन मिळाले. भिलार तर २०१७ पासून पुस्तकांचे गाव म्हणूनही ओळखले जाते.

छावणी आपल्या हिंगोलीतही होती आणि गोरे अधिकारीही येथे राहून गेले. साडेचार हजार फुटांचा डोंगर मात्र येथे नव्हता. उन्हाळ्यात पारा चाळीसच्या वर गेला की हे रोप माना टाकते.

म्हणून आपल्याकडे लागवड पावसाळा सरल्यावर, आश्विनात करावी. आपली काळी माती पाणी धरून ठेवते आणि मुळे कुजतात. तीत वाळू आणि कुजलेले शेणखत मिसळून वाफा उंच करावा, अथवा सरळ कुंडी घ्यावी. रोपाचा मधला कोंब मातीवर राहील असे पाहावे. तो गाडला गेला की रोप गेलेच म्हणून समजावे. पाणी थोडे पण नेमाने द्यावे, फळाखाली गवताचा वा भुश्याचा थर द्यावा. फूल उमलल्यापासून साधारण महिन्याभरात फळ तयार होते. वरचे पिवळसर दाणे हीच या झाडाची खरी फळे. लाल गर म्हणजे फुलाचा फुगलेला देठच. हे दाणे नीट फळले नाहीत तर गर वेडावाकडा होतो, म्हणून फुलांवर मधमाश्या फिरू द्याव्यात.

आंबा अढीत पिकतो, स्ट्रॉबेरी पिकत नाही. खुडल्यावर तिचा रंग थोडा चढेल, गोडी वाढणार नाही. तेव्हा घरच्या बागेत ती पुरती लाल होऊ द्यावी आणि सकाळच्या गारव्यात देठासकट, नखाने देठ तोडून काढावी. व्यापाऱ्याला ती थोडी आधी काढावी लागते, कारण तिला पुण्या-मुंबईला जायचे असते. आपल्याला तर फक्त स्वयंपाकघरापर्यंतच जायचे आहे.

फाल्गुन सरला की झाडे जमिनीसरशी लांब दोरे सोडतात आणि त्यांच्या टोकाला पिल्ले धरतात. ती सावलीत, ओलाव्यात जपून पावसाळ्यापर्यंत नेता आली तर पाहावे. बहुतेकांना पुढल्या आश्विनात नवी रोपेच आणावी लागतात.