‘एअर फ्रेट’ : माल की भाडे?

१/ वडाळ्याला मालवाहतुकीची भाषा नवी नाही. १९१५ साली सुरू झालेल्या पोर्ट ट्रस्ट रेल्वेने गोदीतला माल वडाळ्यापर्यंत आणून मुख्य लोहमार्गाशी जोडला. आज तिथे ट्रक टर्मिनल आहे. ट्रकच्या बिल्टीवर ‘फ्रेट’पुढे भाड्याची रक्कम लिहितात. मात्र विमानाने जाणाऱ्या मालालाही ‘एअर फ्रेट’च म्हणतात. यातला खरा अर्थ कोणता?

२/ दोन्ही खरे. हा शब्द इंग्रजीत आला तो उत्तर युरोपच्या दर्यावर्दी बोलींतून. जहाजाचे भाडे आणि जहाजातला माल, असे दोन्ही अर्थ त्याला जुन्या काळापासून आहेत. पुढे विमाने माल वाहू लागली, तेव्हा जहाजाचाच शब्द त्यांना लावला गेला.

३/ मराठीत मात्र माल वेगळा, भाडे वेगळे. ‘हवाई मालवाहतूक’ या शब्दातले ‘हवा’ आणि ‘माल’ मूळचे अरबी, तर ‘वाहतूक’ संस्कृत ‘वह्’ धातूच्या कुळातली. ‘माल’चा मूळ अर्थ धन, मालमत्ता; ‘मालदार’ या शब्दात तो अजून टिकून आहे.

४/ हा भेद किती महत्त्वाचा? १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा ‘पस मॉथ’ विमानाने कराचीहून अहमदाबादमार्गे जुहूला उतरले. सोबत होते सुमारे २५ किलो टपाल. पुढे नेव्हिल व्हिन्सेंट यांनी ते विमान बेल्लारीमार्गे मद्रासकडे नेले. या सेवेला सरकारी अनुदान नव्हते. टपाल हा तिचा माल, आणि ते वाहून मिळणारे पैसे हाच तिचा आधार.

५/ हवाई भाडे केवळ वजनावर ठरत नाही, कारण विमानात जागाही मोजकीच. प्रचलित नियमानुसार ६००० घन सेंटिमीटर जागा म्हणजे १ किलो. ६०×५०×४० सेंटिमीटरच्या खोक्यात ८ किलो कापूस असला, तरी आकारणी २० किलोंची होते.

६/ म्हणून जुन्या अहवालात ‘फ्रेट वाढले’ असे वाचाल, तेव्हा आधी एकक पाहा. पुढे टन असतील, तर माल वाढला. रुपये असतील, तर भाड्याचा दर वाढला की भाड्याचे उत्पन्न, तेही तपासा. माल वाढणे ही व्यापाराच्या भरभराटीची खूण, तर दर वाढणे ही व्यापाऱ्याची अडचण असू शकते. एका शब्दाची गफलत झाली, तर निष्कर्ष नेमका उलटा निघेल.