नेम आणि माशी

चाकणच्या कारखान्यांकडे जाणारा रस्ता आज मालमोटारींनी इतका गजबजलेला असतो की, शेजारच्या गावात संग्रामदुर्गाचे अवशेष उभे आहेत याची आठवण फारच थोड्यांना होते. १६६० सालच्या पावसाळ्यात या भुईकोटाला शायिस्तेखानाच्या फौजेने वेढा घातला आणि फिरंगोजी नरसाळा यांनी तो पंचावन्न दिवसांच्या आसपास झुंजवला. अखेर सुरुंगाने बुरूज उडाला तेव्हाच किल्ला पडला. हा इतिहास शाळेत आपण सर्वांनीच वाचला आहे. आज आम्ही त्यातील एका अगदी लहान वस्तूविषयी बोलणार आहोत. ती वस्तू म्हणजे बंदुकीच्या नळीवरील नेम धरण्याची खूण.

त्या काळची बंदूक तोडेदार होती. पेटत्या जामगीने बत्ती द्यावयाची, आणि वर श्रावणाच्या सरी! नळीच्या तोंडाशी एक बारीक उंचवटा असे. त्याला आपण माशी म्हणतो, कारण नळीवर माशी बसल्यासारखा तो दिसतो. डोळ्याजवळ असे ती खाच. नेमाच्या या खुणेला हिंदुस्थानी बोलीत दीदबान असा शब्द आहे. मूळ फारसीत दीदबान म्हणजे टेहळणी करणारा पहारेकरी. खाच, माशी आणि लक्ष्य एका रेषेत आली की नेम धरला गेला. साडेतीनशे वर्षांत बंदूक पुष्कळ बदलली, पण हे तत्त्व बदलले नाही.

मात्र बंदूक हाती असणे वेगळे आणि तिला अचूक नेम असणे वेगळे, ही गोष्ट इंग्रजांनी नीट ओळखली होती. १८५३ च्या नमुन्याच्या एन्फील्ड रायफलीवर शिडीसारखी उभी करता येणारी नेमपट्टी होती. अंतर पाहून सरकपट्टी वर-खाली करावयाची, म्हणजे शेकडो यार्डांवरचा नेम साधे. १८५७ चा उठाव झाला आणि हिंदी शिपायाच्या हाती अशी रायफल देणे राज्यकर्त्यांना धोक्याचे वाटू लागले. तेव्हा त्याच घाटाची, परंतु आतून गुळगुळीत नळीची बंदूक हिंदुस्थानासाठी मुद्दाम तयार करण्यात आली. तिच्यावरील हलती नेमपट्टी काढून तिच्या जागी एक साधी स्थिर खाच बसविली. शिपायाच्या खांद्यावर बंदूक राहिली. काढून घेतली ती तिची लांबची नजर.

१८६९ साली येथून हाकेच्या अंतरावर, खडकीला, दारूगोळ्याचा कारखाना निघाला. १८७८ मध्ये हत्यारांचा कायदा आला. त्यातून युरोपियनांना सूट होती, हिंदी माणसाला परवान्याची अट होती. चिंचवडच्या चापेकर बंधूंनी २२ जून १८९७ रोजी गणेशखिंडीच्या रस्त्यावर रँडवर गोळी झाडली ती धावत्या गाडीला अगदी भिडून. ज्या समाजाकडून दूरचा नेम हिरावून घेतला जातो, त्यातील धाडसी माणसाला प्राणाची पर्वा न करता जवळच जावे लागते. त्या कृत्याच्या नीतीविषयी मतभेद असू शकतील. ही परिस्थिती मात्र नाकारता येणार नाही.

स्वातंत्र्यानंतर चित्र पालटले. पुण्याच्या पाषाण भागातील शस्त्रास्त्र संशोधन संस्थेने इन्सास रायफलीचा आराखडा केला, आणि खाच व माशी कोणती ठेवावी याचा निर्णय आपल्याच अभियंत्यांच्या हाती आला. पुढे रायफलीवर काचेची दुर्बीण आणि विजेवर चालणारा लाल ठिपका बसू लागला. मग लोखंडी माशीचे प्रयोजन काय, असा प्रश्न कोणीही विचारील. उत्तर सोपे आहे. काचेवर दव धरते, चिखल बसतो, घट संपतो, आपटल्यास काच तडकते. अशा वेळी हाताशी राखीव साधन हवे, म्हणून सावध सैनिक दुर्बिणीबरोबर लोखंडी नेमसाधनही ठेवतो. काही साधने कायम उभी असतात, काही आडवी निजवून ठेवता येतात. पहिल्यात मोडण्याजोगे भाग कमी. दुसऱ्यात दुर्बिणीपुढे अडथळा नाही. निवड करताना उंची दुर्बिणीशी जुळते की नाही आणि बैठक पक्की आहे की नाही, हे आधी पाहावे. डोळ्याजवळच्या चकतीचे छिद्र मोठे असेल तर अंधुक प्रकाशात लवकर दिसते. लहान असेल तर दूरचा नेम बारीक साधतो.

यातील गणित आपल्या कारखान्यांतील कामगारांना नवे वाटणार नाही. खाच आणि माशी यांत ५०० मिलिमीटर अंतर आहे आणि जुळणीत केवळ १ मिलिमीटरची चूक झाली असे धरा. १०० मीटरवर तीच चूक २०० मिलिमीटर, म्हणजे जवळजवळ वीतभर होते. म्हणूनच दोहोंतील अंतर जितके जास्त तितका नेम बारीक. जुळणीचा नियमही असाच साधा आहे. गोळ्या डावीकडे लागत असतील तर मागची खाच उजवीकडे सरकवावी. पुढची माशी सरकवायची तर ती डावीकडे, म्हणजे चुकीच्याच दिशेने. गोळ्या खाली लागत असतील तर खाच वर घ्यावी किंवा माशी खाली. एका गोळीवरून मात्र काहीही हलवू नये. तीन-पाच गोळ्या झाडाव्यात, त्यांच्या झुबक्याचा मध्य पाहावा आणि मगच स्क्रूला हात लावावा. काम सुरू करण्यापूर्वी व्हर्नियरचे शून्य पाहणारा फिटर हेच करीत असतो. आणि दुर्बीण जुळली म्हणून माशीही जुळली असे मुळीच नाही. तिचे शून्य वेगळे पाहावे लागते. संकटकाळासाठी ठेवलेले साधन संकट येण्यापूर्वी तपासले नसेल, तर ते असून नसल्यासारखेच.

या विद्येचे शांततेतील रूप पाहावयाचे असेल तर वाकडहून मुळा ओलांडून बालेवाडीस जावे. १९९४ च्या राष्ट्रीय क्रीडास्पर्धांसाठी उभारलेल्या त्या संकुलात नेमबाजीची मैदाने आहेत. ऑलिंपिकच्या रायफल स्पर्धांत दुर्बिणीला मज्जाव आहे. तेथे छिद्राची चकती आणि पुढचे कडे यांवरच भिस्त. कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंत २०१० साली म्युनिक येथे ५० मीटर प्रोन प्रकारात जगज्जेत्या झाल्या. त्याच जिल्ह्यातील कांबळवाडीच्या स्वप्नील कुसळे यांनी १ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर तीन स्थिती प्रकारात कांस्यपदक मिळविले. तेथे लक्ष्याचे दहा गुणांचे वर्तुळ अवघे १०.४ मिलिमीटरचे असते. ज्या शिपायाच्या बंदुकीवरची नेमपट्टी एकदा अविश्वासाने काढून घेतली गेली, त्याच्या देशबांधवांनी जगापुढे हा नेम साधला, याचा अर्थ आपण नीट समजून घेतला पाहिजे.

नेम या शब्दाला मराठीत दोन अर्थ आहेत. एक निशाणाचा, दुसरा रोज पाळावयाच्या नियमाचा. आम्हांस वाटते, हे दोन अर्थ एका शब्दात नांदतात ते उगीच नव्हे. चाकणच्या बुरुजावर, फिटरच्या बाकावर किंवा बालेवाडीच्या मैदानावर, पहिला नेम साधतो तो दुसऱ्याच्या बळावर. आपल्या नगरीत यंत्रे दिवसेंदिवस अधिक हुशार होत आहेत, आणि ते इष्टच आहे. परंतु यंत्राची काच काळवंडली तर आपल्या डोळ्याला सरळ रेषा ओळखता येते काय, एवढे प्रत्येकाने अधूनमधून तपासून पाहावे.