मुद्दाम दहावा

शर्यतीत दहावा नंबर यावा म्हणून कुणी धडपडेल का? २००४ साली ब्रिटिश टूरिंग कार स्पर्धेत ही धडपड चक्क हिशोबात बसत होती.

टूरिंग कार म्हणजे दिसायला तुमच्या-आमच्या गाडीसारखी, आतून मात्र पार बदललेली. त्या वर्षी एका दिवसात तीन रेसेस असा नवा आराखडा आला. पहिल्या रेसचा ग्रिड (म्हणजे सुरुवातीला गाड्या उभ्या करण्याचा क्रम) पात्रता फेरीवरून, दुसरीचा पहिलीच्या निकालावरून. तिसरीत मात्र दुसरीचे पहिले दहा उलटे करायचे! दहावा सगळ्यात पुढे, जिंकलेला दहाव्या जागी. हेतू सरळ होता. वेगवान गाडी पुढेच उभी केली की ती पुढेच पळते आणि प्रेक्षक जांभया देतात.

आता हिशोब बघा. पहिल्या दहांना गुण १५, १२, १०, ८, ६, ५, ४, ३, २, १. शिवाय सर्वांत वेगवान लॅपला एक बोनस, आणि एक लॅप जरी आघाडीवर पूर्ण केला तरी एक. समजा तुम्ही दुसऱ्या रेसमध्ये नववे आहात. मागच्याला पुढे जाऊ दिलंत तर एक गुण गेला. पण तिसऱ्या रेसमध्ये पहिली जागा मिळाली. तिथून एक लॅप टिकलात की गेलेला गुण वसूल, वर १५ गुणांची आशा वेगळी. फक्त जास्त हुशारी करून अकरावे झालात तर संपलं. गुण शून्य आणि सुरुवातही अकराव्या जागेवरून. आम्हा प्रोग्रामर लोकांच्या ओळखीची बाउंड्री कंडिशन, दुसरं काय!

आणि एका गुणाची किंमत किती? त्याच २००४ मध्ये जेम्स थॉम्पसनने आपल्याच टीमच्या इव्हान म्युलरला हरवून विजेतेपद मिळवलं ते एका गुणाने.

पुढे यावर उतारा काढला तो चिठ्ठीचा. किती गाड्या उलट्या करायच्या, सहा की दहा, हे दुसरी रेस संपल्यावरच चिठ्ठी काढून ठरायचं. मग दहावं येऊन उपयोग काय, चिठ्ठी आठची निघाली तर? (मला हा उपाय फार आवडतो. नियम बदलला नाही, फक्त आधी कळेनासा केला.) २००५ मध्ये सुरू झालेल्या जागतिक टूरिंग कार स्पर्धेत पहिल्या रेसचे आठ जण उलटे करत. नंतर तिथे पात्रता फेरीचे पहिले दहा उलटे करायला लागले, तेव्हा पात्रता फेरीतच दहावं येण्याचा मोह निर्माण झाला. २०१२ पासून पात्रता फेरीतल्या पहिल्या पाचांना बोनस गुण देऊ लागले. एक भोक बुजवलं की दुसरं.

आपल्याकडे हा घोळ जुना आहे, फक्त तो घोड्यांचा. पुण्याच्या रेसकोर्सवर पावसाळी हंगामात बहुतेक शर्यती हँडिकॅपच्या असतात. घोडा जिंकला की त्याचं रेटिंग वाढतं आणि पुढच्या वेळी पाठीवर जास्त वजन येतं. हरत राहिला की वजन उतरतं. म्हणजे आज लगाम ओढून धरला तर उद्या हलकं ओझं! म्हणून घोडा मनापासून पळवला की नाही हे बघायला स्टुअर्ड बसलेले असतात. १९४३ पासूनच्या इंडियन डर्बीत ही भानगड नाही. तिथे चार वर्षांचे घोडे, नरांना एकच वजन, माद्यांना थोडी सूट.

दिंडोरीत लहानपणी पळायच्या शर्यतीत आम्ही लिंबूटिंबूला दहा पावलं पुढे उभं करायचो. पण लिंबूटिंबू कोण हे वयावरून ठरायचं, मागच्या शर्यतीत कोण हरला यावरून नाही. सांगली-साताऱ्याकडच्या बैलगाडी शर्यतीतही तेच. २०१४ नंतर बंद पडलेल्या या शर्यती डिसेंबर २०२१ मध्ये सुप्रीम कोर्टाच्या परवानगीने पुन्हा सुरू झाल्या. तिथे आदत, दुसा, चौसा हे गट बैलाच्या दातांवरून पडतात. कितीही शर्यती हरला तरी चौसा काही पुन्हा आदत होत नाही.