पोषण ट्रॅकर
अंगणवाडीतील बालके, गरोदर व स्तनदा माता यांच्या नोंदींसाठी केंद्रीय महिला व बालविकास मंत्रालयाने १ मार्च २०२१ पासून सुरू केलेले मोबाइल अॅप. २०१८ च्या पोषण अभियानातील आधीच्या सॉफ्टवेअरची जागा त्याने घेतली.

अंगणवाडी सेविका बालकाचे वजन व उंची भरते. वय आणि लिंग लक्षात घेऊन जागतिक आरोग्य संघटनेच्या २००६ च्या वाढमानकांशी तुलना होते आणि मूल खुजे, लुकडे की कमी वजनाचे हे लगेच कळते. उंचीच्या मानाने वजन मानकाच्या उणे तीन प्रमाण विचलनाखाली गेले, तर ते तीव्र कुपोषित ठरते. कागदी तक्त्यावर बिंदू टाकून रेषा जुळवण्याचे किचकट काम त्यामुळे वाचले. मात्र वजनकाटा बिघडलेला असेल किंवा वळवळणारे तान्हे मूल मोजपट्टीवर सरळ झोपले नसेल, तर अॅपही चुकीचेच उत्तर देते, तेही दशांशासह.

महाराष्ट्रात खरी कसोटी स्थलांतराची. ऊसतोडीला किंवा वीटभट्टीवर गेलेल्या कुटुंबातील मूल गावच्या पटावर राहते आणि आहाराला मुकते. अशा कुटुंबांचा माग ठेवण्यासाठी राज्याने स्थलांतर नोंदणीची वेगळी प्रणाली उभारली.

अॅपवर टीकाही झाली. इंग्रजीचा वापर आणि निकृष्ट हँडसेट यांच्या निषेधार्थ २०२१ मध्ये राज्यातील अंगणवाडी सेविकांनी सरकारी मोबाइल परत केले. डोंगराळ पाड्यांवर नेटवर्क मिळत नाही, ही अडचण तर जुनीच.